खुर्चीवरचा घटक

माणूस मातीपासून तुटला की आधी त्याची झोप उडते, मग पचन बिघडतं आणि शेवटी तो समिती स्थापन करतो. पहिल्या दोन अवस्थांवर औषधं निघाली आहेत.

या कथेतली इमारत तिसऱ्या अवस्थेला पोचली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. बाई पहिल्या मजल्यावर राहत, तळमजल्यावर दात काढत, आणि एका शनिवार-रविवारी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पर्माकल्चर शिकून आल्या. पर्माकल्चर म्हणजे झाडं, पाणी, किडे, कोंबड्या आणि माणसं यांनी एकमेकांना धरून, एकमेकांच्या उपयोगी पडत, संकटं आली तरी टिकून राहायचं, अशी एक राहणी. जंगलाला हे कुणी न शिकवता जमतं. माणसांना मात्र त्यासाठी शिबिरात जावं लागतं. (शिबिरात दोन वेळचं जेवण धरलेलं असतं.)

इमारतीच्या मागे अंगण होतं. त्यात पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, एक लिंबाचं झाड, मालकानं मागे सोडलेली एक बंद स्कूटर आणि घड्याळकाका, एवढ्या गोष्टी होत्या. घड्याळकाकांनी उभं आयुष्य जिन्याखालच्या खोपटात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. त्या खोपटात ऊन कधी आलं नाही. दुकान बंद केल्यावर त्यांनी जगाकडे एकच गोष्ट मागितली. सकाळचा चहा झाला की जेवणाच्या हाकेपर्यंत उन्हात खुर्ची टाकून बसायचं आणि काहीही करायचं नाही. वाचायचं नाही, बोलायचं नाही, विचारसुद्धा शक्यतो नाही. हे ते फार मन लावून करत.

काकूंना या उन्हाचा काकांपेक्षाही जास्त आधार होता. कारण काका घरात असले की स्वयंपाकघरात असत, आणि स्वयंपाकघरात असले की काहीतरी उघडून बघत. ढगाळ हवेच्या एका आठवड्यात त्यांनी मिक्सर, इस्त्री आणि दाराची घंटा अशी तिन्ही उघडली आणि पुन्हा जोडली. तेव्हापासून मिक्सर लावला की घंटा वाजे आणि काकू पीठ लागलेल्या हातांनी दार उघडायला धावत.

तर समिती झाली. डॉक्टरीणबाई अध्यक्ष, विमा एजंट उपाध्यक्ष आणि व्यायामशाळेचे मास्तर सदस्य. (सदस्य एकच असल्यानं सर्व ठरावांना सदस्यांचा एकमुखी पाठिंबा मिळत असे.) पर्माकल्चरचं पहिलं तत्त्व असं, की जमिनीला हात लावण्याआधी तिच्याकडे नीट बघा. समितीनं हे तत्त्व इतकं मनावर घेतलं, की अंगणात कुणी कशालाही हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असं ठरलं. सगळे खिडक्यांतून डोळ्यांत तेल घालून बघू लागले. ऊन कुठून येतं ते बघितलं. ते शंभर टक्के सूर्याकडून येतं असं आढळलं. वारा बघण्याचा प्रयत्न झाला. पाणी घालणं म्हणजे ढवळाढवळ, म्हणून लिंबाला पाणी बंद केलं आणि ते वाळताना सगळ्यांनी अतिशय बारकाईनं बघितलं. आधी टोकाची पानं गेली, मग मधली. इतक्या जवळून झाड मरताना या इमारतीनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, असे उद्गार अध्यक्षांनी काढले.

पाहणी यशस्वी झाल्यावर पट्टे पाडायचं काम निघालं. घराच्या जवळ रोजच्या भाजीचा पट्टा, मग फळांचा, असं करत करत पाचवा पट्टा निसर्गाचा. तिथे माणसानं पाऊल टाकायचं नाही. निसर्गाला नेमकी कुठली जागा द्यावी यावर वाद होईल अशी भीती होती, पण विमा एजंटांची गाडी उभी राहते ती जागा निसर्गाला मानवणार नाही हे विमा एजंटांनीच समजावून सांगितलं. मग राहिली ती काकांची.

दुसऱ्या दिवशी समिती खुर्चीपाशी आली.

"काका, तुम्ही पाचव्या पट्ट्यात बसलायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी खुर्चीत बसलोय."

"खुर्ची पाचव्या पट्ट्यात आहे. इथे फक्त घटक राहू शकतात, आणि आपल्या पद्धतीत प्रत्येक घटकाला निदान तीन कामं असावी लागतात. तुमची कोणती?"

काकांनी विचार केला. बऱ्याच दिवसांत केला नव्हता, त्यामुळे वेळ लागला.

"बसतो."

"हे एक झालं," विमा एजंट म्हणाले. "अजून?"

"बसूनच असतो."

"ते त्यातच आलं, काका."

स्कूटर मात्र पहिल्याच फेरीत पास झाली. तिच्या सीटमध्ये पाली राहत, आरशात बघून चिमण्या चोची मारत आणि तिच्या फाटक्या गादीत पाणी साठे. डॉक्टरीणबाईंनी काकांना स्कूटरकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे असं सुचवलं. काकांनी जाता जाता तिला एक लाथ घातली. (हे चौथं काम धरलं गेलं नाही.)

त्या दुपारी काका स्वयंपाकघरात आले. संध्याकाळी काकू समितीपुढे उभ्या होत्या.

"डॉक्टरीणबाई, तुमचं ते काय, सगळ्यांनी मिळून टिकून राहायचं ना? मग माझं ऐका. हा माणूस अजून चार दिवस घरात राहिला तर आमच्या घरात कुणीतरी एकच टिकेल."

"पण काकू, त्यांना कामं नाहीत."

"कामं नाहीत? त्यांची सावली पडते. झालं एक? श्वास सोडतात, तो झाडांना लागतो, हे शाळेत शिकवतात. आणि इतके गप्प बसतात की पक्षी खांद्यावर येऊन बसतो. खांद्यावर बसून पक्षी जे करतो ते खत असतं. शर्ट मी धुते, मला माहितीय."

समिती चकित झाली. व्यायामशाळेच्या मास्तरांनी उत्साहाच्या भरात काकांकडून होण्यासारखं चौथंही एक काम सुचवलं, त्यात नायट्रोजन भरपूर असतो म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. सूचना मागे घेण्यात आली.

काका घटक झाले, आणि तिथेच त्यांचे हाल सुरू झाले. समितीनं त्यांच्या खुर्चीपुढे लेट्यूसचा वाफा केला. कोवळ्या पानांना कडक ऊन सोसत नाही, म्हणून काकांनी सूर्य आणि लेट्यूस यांच्या बरोबर मध्ये बसायचं, सूर्य सरकला की आपण सरकायचं, श्वास पानांच्या दिशेनं सोडायचा, आणि खांद्यावर पक्षी असेल तर शिंकायचं नाही. ऊन सगळं पाठीवर. तोंड कायम लेट्यूसकडे. एकदा त्यांचा डोळा लागला आणि कडेची तीन पानं करपली, तर विमा एजंटांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, जबाबदारी झेपत नाहीये का?"

"दुकानात होतो तेव्हा निदान रविवार होता," काका घरी येऊन म्हणाले.

"मग काढा काहीतरी डोकं लावून," काकू म्हणाल्या. "घड्याळं काय उगाच दुरुस्त केलीत जन्मभर?"

आणि काकांनी डोकं लावलं, हीच त्यांची चूक. त्यांनी भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाचं यंत्र काढलं, स्कूटरच्या हँडलला मोठी काळी छत्री बांधली आणि दोघांची अशी सांगड घातली, की सूर्य सरकेल तशी छत्री आपोआप झुकत जावी. लेट्यूसवर दिवसभर सावली राहिली. काका खुर्ची फिरवून उन्हाकडे तोंड करून बसले आणि डोळे मिटले. अहाहा!

समितीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर विमा एजंटांनी शांतपणे बोटं मोजली.

"सावलीचं काम आता स्कूटर करते. म्हणजे काकांकडे राहिली दोनच कामं."

तर्कात कुठेही खोट नव्हती. काकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःला कमी केलं होतं, तेही इतकं सफाईनं की यंत्र एक मिनिटही मागे पडत नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि घरी गेले. जाताना छत्री आपल्याकडे वळून बघतेय असं त्यांना वाटलं. (ती सूर्याकडे वळत होती.)

घरात काय झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं. आता घंटा वाजली की इस्त्री तापू लागली, आणि नळ सोडला की भिंतीवरचा पंखा उलटा फिरू लागला. शेजारीण साखर मागायला आली, तिनं घंटा दाबली आणि आत काकूंची नवी साडी जळाली. काकू त्याच साडीनिशी समितीत गेल्या. काका मागोमाग, खाली मान घालून.

"हा माणूस काही कामाचा नाही, हे तुमचं ठरलंय ना?" काकूंनी विचारलं.

"असं तोंडावर कसं म्हणायचं, काकू..."

"म्हणा की! मी म्हणते. काडीच्या उपयोगाचा नाही. निव्वळ कचरा आहे."

डॉक्टरीणबाई दुखावल्या. "काकू, आपल्या पद्धतीत कचरा असं काही नसतंच. तुम्ही ज्याला कचरा म्हणता ना, त्यातला कणसुद्धा आपण अंगणाबाहेर जाऊ देत नाही. तो पाचव्या पट्ट्यात, खताच्या ढिगाशी ठेवायचा आणि..."

त्या मध्येच थांबल्या. विमा एजंटांनी बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर अडकले.

"त्याला तीन कामं लागतात का?" काकूंनी विचारलं.

"कचऱ्याला कामं नसतात," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याला फक्त वेळ द्यायचा असतो."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या बाजूनं कुणी इतकं ठाम बोललं नव्हतं.

आता काका सकाळच्या चहानंतर खताच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतात. तोंडावर भरपूर ऊन असतं. खुर्चीच्या पाठीला पाटी आहे, 'कुजत आहे, हलवू नये'. ढिगात ओलावा टिकला पाहिजे असा नियम असल्यानं काकू खिडकीतून दोरीला किटली बांधून दोनदा चहा सोडतात. ढीग अधूनमधून उलटापालटा करावा लागतो, म्हणून रविवारी व्यायामशाळेचे मास्तर येतात आणि खुर्चीसकट काकांना दुसऱ्या कुशीवर फिरवून जातात. डॉक्टरीणबाई दात काढून मोकळ्या झाल्या की काकांचं अंग तापलंय का ते बघतात. मधोमध चांगली ऊब असते, म्हणजे आतली प्रक्रिया चालू आहे. इमारतीच्या सहजीवनाचा हा सर्वात टिकाऊ भाग असल्याचं अध्यक्ष पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. लेट्यूस गोगलगायींनी खाल्लं. घंटा आता फक्त वाजते.

हे सुख बघून बाकीच्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं. ढिगाशी जागा मिळावी म्हणून पहिला अर्ज विमा एजंटांचा आला. तो फेटाळला गेला, कारण चौकशीत ते एकदा एकाच्या उपयोगी पडल्याचं निघालं. आता निकष कडक आहेत. उमेदवाराला मुलाखत द्यावी लागते आणि आपण खरोखर काही कामाचे नाही हे समितीला पटवावं लागतं. सूट फक्त एका गटाला आहे. हातातली कामं बाजूला टाकून, एक अनोळखी माणूस खुर्चीत नुसता कसा बसला याची हकिगत जो पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचत बसला असेल, त्याची मुलाखत घ्यायची गरज नाही, असं समितीनं एकमतानं ठरवलं आहे. तुमची जागा काकांच्या डाव्या हाताला राखून ठेवली आहे. येताना खुर्ची तेवढी घरून आणा.