शेऱ्याचा रकाना

ज्या वर्षी भांडारपालाच्या धाकटीचं लग्न मोडता मोडता झालं, त्याच वर्षी बस डेपोतल्या सापडलेल्या वस्तूंच्या भांडारात नोंदी हुडकणारा कंप्युटरवरचा नवा शोध बसला. बसवला तो भांडारपालाच्या सुनेनं. सासरे चाळिशी उलटल्यावर बायकोकडून अक्षरं शिकलेले. एक शब्द धड उमटत नसे. म्हणून सुनेनं शोध मुद्दाम ढिला ठेवला. चुकलंमाकलं लिहिलं तरी जवळपासचं सगळं समोर यावं आणि जुळलेला भाग पिवळा दिसावा.

भांडारपालाला महिनाअखेर निवृत्त व्हायचं होतं. पण लोखंडी कपाटाची चावी बेपत्ता होती, आणि चावी नाही तर निवृत्तीचे कागद नाहीत, असं मॅनेजरनं बजावलं होतं. त्यांनी दोन बोटांनी चावी हा शब्द कसाबसा बडवला. नोंद आली ती मोडक्या दांड्याच्या छत्रीची. शेऱ्याच्या रकान्यात पिवळं झालं होतं : चावी जागेवर ठेवायची सवय लावा.

त्यांनी ते परत एकदा वाचलं. हा आवाज ओळखीचा होता, आणि तो बंद होऊन चार महिने झाले होते.

सुनेला फोन लावला. ती म्हणाली, यादी आईंनीच घरी बसून टाइप केली होती. बोललेलं तुम्ही ऐकत नाही, निदान कामाचं तरी वाचाल, म्हणून घरचे निरोप त्या शेऱ्यात घालायच्या.

"मी तो रकाना कधी बघितलाच नाही गं," भांडारपाल म्हणाले.

मग त्यांनी लिहिलं, जागा कुठली. डाव्या पायातला एकटा बूट पुढे आला. शेरा : जागचे उठाल तर दिसेल. ते उठले. उठलो, असं इमानदारीनं लिहिलंही. उत्तर आलं : उठल्यावर पंखा बंद करा. पंखा फिरत होता. त्यांनी मुकाट्यानं बंद केला.

दुपारपर्यंत डेपोत बोभाटा झाला. मेकॅनिकनं आपली बदली होईल का, असं विचारलं. तेलाचे हात पडद्याला पुसू नका, असं आलं, तेव्हा तो हात मागे लपवून उलट्या पावलांनी बाहेर पडला. मॅनेजर भडकला. त्यानं सुनेला बोलावून शोध ताबडतोब घट्ट करायला सांगितलं. नेमका शब्द जुळला तरच नोंद दिसावी.

"म्हणजे ती परत गप्प होणार," सासरे म्हणाले.

सून बटणावरचं बोट उचलून बाजूला सरकली. "बाबा, अजून एकदा विचारा."

त्यांनी एकेक अक्षर जुळवलं : चावी कुठे ठेवलीस.

एकच नोंद आली. निळी उशी, घरी शिवलेली. शेरा : बसलायत तिच्यावरच.

खुर्चीतली उशी त्यांनी उसवली. कापसात चावी होती. भांडारपाल कितीतरी वेळ हसत राहिले आणि मग डोळे पुसत राहिले. सून मात्र पडद्याकडेच बघत होती.

"बाबा, ही नोंद तुम्ही केलीत?"

"मला एवढं लिहायला अख्खा आठवडा लागेल."

सुनेनं कंप्युटर तसाच ठेवला. शोध तिथं अजून ढिलाच आहे.

नोंदीवर तारीख होती अकरा मार्च. भांडारपालाची बायको वारली त्याच वर्षी, चार मार्चला, सकाळी सव्वानऊ वाजता.