अमळनेरपेक्षा जवळ

"दुबई? अहो, ती तर अमळनेरपेक्षा जवळ!" असं लोटू सुरतेच्या डिंडोलीत भेटेल त्याला सांगत सुटला होता. कोणी शंका काढली की तो मुलाचं, गजेंद्रचं, तिकीट पुढे करायचा. दहाला मुंबईहून उडणार, साडेअकराला दुबईत उतरणार. दीड तास! खान्देशातून सुरतेत आलेल्या माणसांनी अंतर कधी किलोमीटरमध्ये मोजलं नाही, गाडीच्या तासांत मोजलं. अमळनेरला पॅसेंजरने अर्धा दिवस जातो. मग जवळ काय, तुम्हीच सांगा!

हे गणित मुळात बायकोसाठी होतं. मुलीचं लग्न तोंडावर असताना मालतीबाई एकुलत्या एका मुलाला सोडायला तयार नव्हत्या.

"धनश्रीनं लगीन मे महिनामा शे. नवरदेवना कान पिळाले भाऊ नको का?"

"अवं, तठे नास्ता करी अन् आठे जेवाले येई!"

या एका शब्दावर त्या माउलीने पोराची बॅग भरली.

विमान उडालं त्या दिवशी लोटूने यंत्रमागावर खाडा केला आणि पीसीओसमोर ठाण मांडलं. "साडेअकराला उतरला, बाराला फोन!" अर्धी गल्ली फोन ऐकायला जमली. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं आणि तिकिटावर उतरायची वेळ तिथली छापतात, हे त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं. बारा वाजून गेले. विमान अजून समुद्रावर उडत होतं, आणि डिंडोलीत ते बुडूनही गेलं!

"इंजन बंद पडलं असेल," एक म्हणाला.

"खाली नुसतं पाणी हो!" दुसऱ्याने भर घातली.

मालतीबाईंनी अमळनेरला भावाला, रघुनाथला, फोन लावला. "दादा, मना गजू..." एवढंच बोलून त्यांनी हंबरडा फोडला आणि लाइन कटली.

दुपार कलल्यावर घंटी वाजली. "लोटूभाई, दुबईथी छे!" पीसीओवाला ओरडला. एकच जल्लोष! कोणीतरी पेढे आणायला धावलंसुद्धा. लोटू रिसीव्हरमध्ये गरजला, "लगीननी रजा आतेच सांगी ठेव!"

"बाबा," पलीकडून गजेंद्रचा आवाज बारीक झाला, "कंपनीना माणूसनी पासपोर्ट लई लिधा. दोन वरीस रजा नही सांगस."

लोटू बाहेर आला तशी मालतीबाईंनी त्याला गाठलं.

"काय सांगे मना पोऱ्या? लगीनले येई ना?"

"येई, येई. दीड तास तर शे!" बोलला खरा, पण हातातला पेढा त्याने तसाच पुड्यात परत टाकला.

या आनंदात अमळनेरला कळवायचं कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथ गाडीभर नातेवाईक घेऊन गल्लीत शिरला. बायका कोपऱ्यापासूनच गळा काढत आल्या!

"अवं, जिवत शे मना गजू! लगीनले येई ऱ्हायना!" मालतीबाई हसत त्यांना आवरू लागल्या.

रघुनाथ भडकला. "मंग आमले कसाले रडावं? रातभर पॅसेंजरमा उभा ऱ्हाईसन उनूत! दाजी, तुमनी दुबई जवळ शे ना? कितली दूर शे ते तरी सांगा!"

लोटूने बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. आता खोटं बोलवेना.

"दोन वरीस," तो म्हणाला.

पुडा खाली पडला. मालतीबाई जमिनीवर बसल्या त्या उठेनात, आणि अमळनेरच्या बायकांनी त्यांना मधे घेतलं. रडायला आलेली माणसं, त्यांची खेप काही फुकट गेली नाही!