समुद्र, फौजदार आणि माझी तपकिरी पँट

मला एक सांगा, बावन्न वर्षांच्या माणसाने समुद्रात पाय बुडवायचे की नाही, हे कुत्र्याने ठरवायचं?

आम्ही श्रीवर्धनला निघणार होतो, तेवढ्यात चांदवडहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, समुद्राला चालले म्हणं. आपला फौजदार न्या संगं. राखणीला लय चांगला हाय." फौजदार म्हणजे त्यांच्या मळ्यातला कुत्रा. मी म्हणालो, "येऊ द्या बिचाऱ्याला, तोही बघेल समुद्र." बस्स, एवढंच बोललो! दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिकअपमधून फौजदार गंगापूर रोडला आमच्या दारात हजर. मला वाटलं, राखण गाडीची करायची असेल.

आता पाण्यातलं मला कुणी शिकवायचं? कालव्याचं पाणी वाटणाऱ्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे आमच्या भाषेत टेलला, पाणी पोचलं नाही की शेतकरी अर्ज करतात. त्यांना 'पाणी पोचले आहे, खात्री करून घ्यावी' असं उत्तर पाठवण्यात माझी हयात गेली. तरी हाताखालचा रविराज सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही पाणी फक्त फायलीत पाहिलंय." (मागच्या उन्हाळ्यात मी सासुरवाडीच्या शेततळ्यात जरा उतरलो होतो. लोक त्याला 'पडला' म्हणतात. लोकांना काय!) माझं डोकंच फिरलं. मी ठणकावलं, "कमरेएवढ्या लाटेत उभा राहून ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकतो. नाही टाकला तर नाव बदलीन!"

म्हणजे आता तो फोटो काढल्याशिवाय ऑफिसात तोंड दाखवायची सोय नव्हती.

वाळूवर उतरल्याबरोबर मी घरच्यांना ओळीत उभं केलं. भरतीची वेळ आधीच मोबाईलवर बघून ठेवली होती. "लाल झेंड्यापलीकडे जायचं नाही. लाटेकडे पाठ करायची नाही. गुडघ्याच्या वर पाणी नको. आणि कुत्र्याची साखळी सोडायची नाही!"

"अहो, मग कमरेएवढ्या फोटोचं काय?" साधना म्हणाली. (साधना म्हणजे आमची सौभाग्यवती.)

"तो अपवाद."

"आणि साखळी कोण धरणार?"

"मी!"

साधना आणि आमची आठवीतली आरोही हसत पाण्यात शिरल्या. फौजदारने त्यांच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मग मी निघालो. अंगठ्याला फेस लागतोय न लागतोय तोच मागून माझा बर्मुडा कुणीतरी धरला आणि असा हिसडा दिला की मी कोरड्या वाळूत धप्पकन बसलो.

"घाबरलं असेल गं जनावर," मी म्हणालो. माणसाने किती चांगलं असावं!

मग मी लांबून वळसा घालून गेलो. परत वाळूत. पळत गेलो. परत वाळूत, या वेळी तोंडावर. शेवटी चिडून फौजदारला शहाळेवाल्याच्या बाकाला बांधलं, तर तो बाकासकट आला. (बाकावर एक आजोबा बसले होते. तेही आले.)

एव्हाना पब्लिकने मोबाईल काढले होते. शिट्टी वाजवत जीवरक्षक धावत आला.

"ओ काका, पोहता येत नाही तर जाता कशाला पाण्यात?"

"मी पाण्याच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे!"

"मग तर लांबच राहा," तो म्हणाला आणि त्याने फौजदारचं डोकं थोपटलं. माझ्या बर्मुड्याला मागे खिडकी पडली होती, तिची चौकशी कुणी केली नाही.

अख्खं जग भिजतंय आणि मी कुटुंबप्रमुख कोरडा! तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंना फोन लावला.

"तुमचा कुत्रा पिसाळलाय! मला पाण्यात जाऊ देत नाही!"

"मग बरोबर हाय," सासूबाईंचा आवाज एकदम खुलला. "म्याच शिकवलंय त्याला. तुमी तळ्यात पडले तव्हा ट्रॅक्टरला दोर बांधून काढलं तुमाला. तळ्यात अंथरलेल्या त्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला का माणूस वर येत नाय. मी म्हटलं, दर खेपेला ट्रॅक्टर कुठून आणू? मग तुमच्या बिनधुतल्या तपकिरी पँटीत भुसा भरला आन् तळ्याच्या काठावर उभी केली. फौजदारनी वढून लांब आणली का त्याला भाकर. महिनाभर हेच चाललं होतं."

तपकिरी पँट! तिच्यासाठी मी इस्त्रीवाल्याशी भांडलो होतो हो!

"मग साधनाला कसं जाऊ देतो तो? आरोहीला?"

"त्यांना काय होतंय? त्यांना पवता येतं."

मी काही बोलायच्या आत त्यांचा आवाज उतरला. "रागवू नका, जावईबापू. तुमी त्या दिशी गटांगळ्या खात होते आन् मी काठावर नुसती वरडत होते. लेकीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मला गलबलून आलं. (क्षणभरच. खिडकीतून वारं लागत होतं.)

फोन ठेवून वळलो, तर साधना पाण्यात बसून पोट धरून हसत होती.

"तुला माहीत होतं?"

"पँट मीच दिली होती," ती म्हणाली.

आरोहीला मात्र दया आली. "पप्पा, तुम्ही इथेच बसा. मी समुद्र आणते." किल्ला करायच्या बादलीत पाणी भरून तिने माझ्या पायाशी ठेवलं. म्हटलं चला, निदान पावलं तरी भिजतील. मी एक पाय उचलला. फौजदार आला. त्याने बादली हुंगली, माझा पाय हुंगला, बादलीची कडी दातांत धरली आणि ती माझ्यापासून चांगली लांब नेऊन ठेवली. मग भाकरीसाठी साधनाकडे बघत बसला. आणि साधनाने डब्यातली भाकर काढून दिलीही त्याला!

आरोहीने नेमका बादली लांब आणि मी कोरडा असा फोटो काढला. माझ्याच मोबाईलवरून, आणि टाकलाही ऑफिसच्या ग्रुपवर.

मिनिटभरात रविराजचं उत्तर आलं: 'भाऊसाहेब, टेलला पाणी पोचलेलं दिसत नाही. अर्ज करा. नेहमीचं उत्तर पाठवतो.'