पायाभरणीचा वर्ग

ज्ञान दिल्याने वाढतं, असं म्हणतात. म्हणून ज्याच्याकडे ते बेताचं आहे, त्याने ते देण्याची जास्त घाई केली पाहिजे. याच न्यायाने मी आणि आमची ही, परदेशातल्या एका मूलनिवासी वस्तीच्या शाळेत दोन आठवडे स्वयंसेवक शिक्षक म्हणून जाऊन आलो. (घरी मी अभ्यास घ्यायला बसलो की चिरंजीवांच्या पोटात दुखतं. पण पिकतं तिथे विकत नाही.)

शाळेची शिस्त वाखाणण्यासारखी. दर दोन आठवड्यांनी स्वयंसेवकांची नवी तुकडी येते आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करते. कारण प्रशस्तिपत्रावर 'पायाभरणी केली' असं छापलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या पायावर मजला चढवणाऱ्याला ते कसं द्यायचं? त्यामुळे शंभर टक्के मुलं स्वतःचं नाव, आवडता रंग आणि आवडता प्राणी इंग्रजीत झोपेतसुद्धा सांगतात. पुढचं त्यांना अजून कोणी शिकवलेलं नाही. नमनालाच घडाभर तेल जातं हे खरं, पण नमन काय सुरेख होतं!

तिथले कायमचे मास्तर गणित बरं शिकवतात, असं ऐकलं. पाहायचा योग आला नाही. एका वर्गात दोन शिक्षक नकोत, म्हणून तुकडी असेपर्यंत त्यांना मोकळं ठेवतात. ते आमच्या बॅगा उतरवतात, पाणी उकळतात, दुभाष्याचं काम करतात आणि आमचे फोटो काढतात. (फोटो झकास काढतात. सरावच तेवढा आहे.)

वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी जरा हट्टी होती. तिला शहरातल्या माध्यमिक शाळेत जायचं होतं. प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली, आणि परीक्षेत अपूर्णांक. तिने मास्तरांमार्फत मला विचारलं, "सर, अपूर्णांक कधी घेणार?"

"अगं, आधी तुझा आवडता प्राणी तर सांग," मी प्रेमाने म्हणालो.

"कासव. मागच्या सरांनाही सांगितलं होतं. त्यांच्या आधीच्या बाईंनाही."

मास्तर म्हणाले, संध्याकाळी मी घेतो तिचे अपूर्णांक. पण संध्याकाळी आमच्या निरोप समारंभाच्या गाण्याची तालीम असायची, आणि मुख्य आवाज तिचाच. तुकड्यांमागून तुकड्यांना निरोप देऊन तिचा गळा असा तयार झालाय की दुसऱ्या कडव्याला माणूस रडतोच.

समारंभ नेमका परीक्षेच्या दिवशी सकाळी आला. मास्तर अजिजीने म्हणाले, "तिला सकाळच्या बसने जाऊ द्या. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नाही."

हिने मुलीला जवळ घेतलं. "परीक्षा काय गं, होतच असतात. आम्ही थोडेच परत येणार आहोत?"

मुलगी गायली. दुसऱ्या कडव्याला खिडकीबाहेरून बस गेली, आणि ती हमसून हमसून रडली. आम्हीही रडलो. इतकी माया लावली होती आम्ही, दोनच आठवड्यांत. मास्तरांनी फोटो काढला, जरा हललेला. तरी आम्ही तो दिवाणखान्यात लावलाय.

आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार शिकवून परतलेल्या ९६ टक्के लोकांचं आयुष्य बदललं. मुलांची पाहणी बाकी आहे (प्रश्नावली त्यांच्या भाषेत नाही).

पुढच्या तुकडीत दोन जागा शिल्लक आहेत. त्या मुलीबद्दल वाचून तुम्हाला आपण तिच्यासाठी काहीतरी करायला हवं असं वाटलं असेल, तर आजच अर्ज करा. तेवढी एकच पात्रता लागते.