दिवा लागतो का बघा

नवसाबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून येवल्याला गेल्या आणि अडीच महिने झाले तरी परतल्या नाहीत. मुलीचं, प्रतिभाचं, दुसरं बाळंतपण होतं. त्यात तिच्या सासूचा पाय नेमका त्याच आठवड्यात मोडला. मग थोरल्या स्वराजला गोवर निघाला. कारणं सगळी खरी होती. त्यामुळे इकडे नाशिकला इंदिरानगरात एकट्या पडलेल्या मोतीरामांना धड रागावताही येईना.

'आता ये' असं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात असलं काही ते कधी बोलले नव्हते. दर गुरुवारी फोन लावायचे आणि विचारायचे, "पाऊस हाय का तिकडं?" डिसेंबर महिन्यातसुद्धा.

"नाय," नवसाबाई म्हणायच्या. "तिकडं?"

"इकडंबी नाय."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसत. सकाळी सवयीनं दोन कप चहा व्हायचा. दुसरा कपही तेच प्यायचे, पण तिच्या पाटावर बसून.

शेवटी एका गुरुवारी नवसाबाईच म्हणाल्या, "प्रतिभा आता हिंडती-फिरती झाली. सामान लय झालंय, रविवारी गाडी घेऊन या." मोतीरामांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पण त्या मागच्या दिव्याचं काय? ब्रेक दाबला की लागतो का आता? मागच्या खेपेला विंचूरजवळ ट्रक आपल्या डिकीत शिरता शिरता राहिला. दिवा लागल्याबिगर मी नाय बसायची तुमच्या गाडीत."

गाडी चौऱ्याहत्तर सालची, पिस्ता रंगाची. मोतीराम तिचे तिसरे मालक. शनिवारी सकाळी बाह्या वर करून ते तिच्यापुढे उभे राहिले आणि पहिली अडचण त्यांच्या ध्यानात आली. ब्रेक पुढे, दिवा मागे, आणि माणूस एकच. ब्रेक दाबून ते धावत मागे गेले. दिवा बंद. साहजिक होतं, पाय तर त्यांच्याबरोबरच मागे आला होता. दोनदा आणखी जोरात धावून पाहिल्यावर त्यांना ते पटलं.

मग त्यांनी मोरीतून नवसाबाईंचं कपडे बडवायचं धोपाटणं आणलं. एक टोक सीटला, दुसरं पायडलवर, असं ते घट्ट ठोकून बसवलं, किल्ली फिरवली, आणखी एकदोन खटके दाबले आणि मागे येऊन वाकून पाहिलं. लाल! दोन्ही बाजूंना छान लाल! मोतीराम तसेच घरात पळाले आणि गुरुवार नसताना येवल्याला फोन लावला.

"लागला!"

"काय लागलं? कुठं लागलं? लय लागलं का?" नवसाबाई घाबरल्या.

"दिवा गं! ब्रेकचा!"

"हां. मग ब्रेक सोडल्यावर विझतो का?"

"धर," म्हणून मोतीराम बाहेर गेले, धोपाटणं काढलं, मागे जाऊन पाहिलं. दिवा लागलेलाच. खात्रीसाठी पुन्हा धोपाटणं ठोकलं, तरी तेच, आणि जड पावलांनी आत आले. "नाय विझत."

"अहो, मग तो रात्रीचा दिवा. पुढचे दिवे चालू असतील, बघा."

होते. नवसाबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण येवल्यात बसून त्यांना जे दिसलं ते मोतीरामांना दोन हातांवरून दिसलं नव्हतं. "रविवारचं ऱ्हाऊ द्या मग," त्या हळूच म्हणाल्या. मोतीरामांनी फोन ठेवला, तिथेच सतरंजीवर आडवे झाले आणि छताकडे बघता बघता त्यांचा डोळा लागला. बाहेर गाडीचे दिवे जळतच राहिले.

तीन वाजता उठून पाहतात तर बॅटरी संपलेली. गाडी एक शब्द बोलेना. शेजारच्या दिनेशनं सोसायटीचा वॉचमन मंगळू आणि आणखी दोघं जमवले. मोतीरामांनी दारातून हात घालून स्टिअरिंग धरलं, आणि पाचही जणांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही.

"काका, इंजिन जाम झालंय," घाम पुसत दिनेश म्हणाला.

"नाय सायेब, टायरं बसल्यात," मंगळू म्हणाला.

"इंजिन जाम असलं तरी न्यूट्रलला ढकलली जाते हो," तिसरा म्हणाला, आणि त्यावर रस्त्यात चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. मग पुन्हा एक-दोन-तीन. मंगळूची चप्पल तुटली. गॅलरीतून हे सगळं बघत असलेली दिनेशची बायको मीना खाली उतरली, तिनं खिडकीतून आत डोकं घातलं आणि विचारलं, "काका, हे धोपाटणं ब्रेकवर कशाला ठेवलंय?"

मोतीरामांनी धोपाटणं काढून मागच्या सीटवर ठेवलं. पुढच्या धक्क्याला गाडी सुरू झाली. बंद पडेल या भीतीनं कुणाचे आभारही न मानता ते थेट द्वारका चौकाजवळ लहानू वायरमनच्या टपरीवर जाऊन थांबले.

लहानूनं बल्ब बघितले, फ्यूज बघितला. ब्रेकच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवल्या, तशी मागे लख्ख उजेड पडला. "काका, बाकी समदं ठीक हाय. ह्यो स्विच गेलाय." अर्ध्या तासात नवा स्विच बसला. मोतीराम मागे उभे राहिले, लहानू आत बसला.

"दाब."

"दाबला."

"सोड. पुन्यांदा दाब."

असं अकरा वेळा झालं. "काका, दिवाळी झाली की राव," लहानू म्हणाला. मोतीराम हसले नाहीत. त्यांना त्या लाल उजेडात विंचूरचा रस्ता दिसत होता आणि शेजारच्या सीटवर डोक्यावरून पदर घेतलेल्या नवसाबाई.

फोन करायचा नाही, समोर जाऊनच उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. निफाडपर्यंत ते कारण नसताना ब्रेक मारत गेले. मागच्या गाड्यांनी बघितलं पाहिजे.

येवल्यात प्रतिभानं बाळाला कडेवर घेऊन दार उघडलं. "बाबा? तुम्ही इकडे कसे? आई कुठंय?"

"आई कुठंय म्हंजे? तुझ्याकडं!"

"अहो, ती सकाळी सातच्या एस्टीनं गेली! म्हणाली, यांच्या दिव्याची वाट बघत बसले तर इथंच म्हातारी होईन."

चांदोरीच्या आसपास कुठेतरी ती एस्टी समोरून गेली असणार. प्रतिभानं मीनाच्या घरी फोन लावला. मीना नवसाबाईंना बोलवायला धावली.

"किल्ली तुमच्याकडं हाय," पलीकडून दमलेला आवाज आला. "मी बाहेर पायरीवर बसले होते."

"तू तिथंच बस. हलू नको."

"आता कुठं हलते."

पावसाचं विचारावं असं मोतीरामांच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "घर लय मोठं झालंय गं."

"या लवकर. मी मीनाकडं चहा नाय घेतलेला अजून."

प्रतिभा ताट वाढते म्हणाली, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून ते गाडीत बसले, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या जावयाला म्हणाले, "निवृत्तीराव, जरा मागं उभं राहून बघा, दिवा लागतो का."

निवृत्तीराव रस्त्यात येऊन उभे राहिले. पिस्ता रंगाची गाडी निघाली, गल्लीतल्या खड्ड्यांतून उडत गेली, दळणवाल्याच्या सायकलीला चुकवून वळली आणि नाशिकच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

"काय हो, लागला का दिवा?" दारातून प्रतिभानं विचारलं.

"काय माहीत," निवृत्तीराव म्हणाले. "त्यांनी ब्रेक दाबलाच नाही."