रोज नऊ जीबी गिळणारा इसम

सर्जेराव तात्यांच्या मते इंदापूर-बारामती रस्त्यावर गुन्हेगारी वाढली नाही, याचं एकमेव कारण म्हणजे सर्जेराव तात्या. एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकीट तपासण्यात गेल्यामुळे माणसाच्या नुसत्या बसण्यावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही, हे त्यांना कळायचं. निवृत्तीनंतर ही दैवी दृष्टी त्यांनी समाजसेवेला जुंपली होती. "आपली नजर म्हंजी एक्स-रे हाय," ते सांगत. "फरक एवढाच, एक्स-रेला लाईट लागती."

त्या रस्त्यावर आधीही फारशी गुन्हेगारी नव्हती, असं बादशाहनं एकदा बोलून पाहिलं होतं. त्यावर कळंबपासून इंदापूरपर्यंत तात्या त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेवढा सुखाचा प्रवास बादशाहच्या वाट्याला पुन्हा आला नाही. गुप्तहेराला वाहन लागतं आणि बादशाहकडे रिक्षा होती, एवढ्या एका पात्रतेवर तो सहा वर्षं तात्यांचा सहायक होता.

मंगळवारी दोघं इंदापूरला नईमच्या फोटो स्टुडिओत गेले. नईम लग्नाचे व्हिडिओ बनवायचा. त्या दिवशी तो कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसला होता.

"तात्या, माझी जागा जातीय हो!"

तात्यांनी वही काढली. "सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

"जमीन नव्हं, तात्या. ह्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधली मोकळी जागा. काल दुपारी दोनला जेवायला वर घरी गेलो तवा साठ जीबी हुती. चारला आलो तर एक्कावन्न! रोज नऊ जात्यात. मी त्यात काय ठेवलेलं नसतं."

"जीबी म्हंजी?"

"जागा मोजायचं माप."

"गुंठ्यासारखं?"

नईमनं बादशाहकडे पाहिलं. बादशाहनं 'हो म्हण' अशी मान हलवली.

"तसंच समजा."

"रोज नऊ गुंठे!" तात्यांचा आवाज खाली आला. "मोठी टोळी हाय."

नईमची अडचण मात्र खरी होती. पिंपळीच्या राजेश्वरीचं लग्न त्यानं चित्रित केलं होतं. तिचा भाऊ ऋषिराज सैन्यात. त्याला लग्नाला रजा मिळाली नव्हती. आता दहा दिवसांसाठी आला होता आणि शनिवारी पहाटे परत निघणार होता. त्याआधी त्याला बहिणीचं लग्न दाखवायचं, असा नईमनं शब्द दिला होता. फिल्म जोडून तयार होती, पण ती पक्की करून बाहेर काढायला ऐंशी जीबी मोकळे लागत होते. नवी डिस्क मागवली होती, ती सोमवारी येणार. जागा करायला नईमनं स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा पुसून टाकला होता. त्यामुळे त्याची बायको सिमरन दोन दिवस त्याच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होती.

"आता राजेश्वरीच्या हळदीचं शूटिंगच पुसायचं राहिलंय," नईम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कशालाबी हात लावू नगा," तात्या म्हणाले. "गुन्ह्याची जागा हाय ही. न्हाय, गुन्हा जागेचाच हाय. बादशाह, लिहून घे, चांगलं वाक्य झालंय."

पहिला संशय व्हायरसवर गेला. तात्यांनी नाकाला रुमाल बांधला, बादशाहला चार हात लांब उभं केलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर कडुनिंबाचा पाला अंथरला. बुधवारी पाहिलं तर नऊ जीबी गेलेच होते, शिवाय आत मुंग्या झाल्या होत्या.

दुसरा संशय समोरच्या शिवमच्या स्टुडिओवर. दोघांच्या वायरी एकाच खांबावरून येतात, हे तात्यांनी हेरलं. "तिकडनं वढतोय त्यो," ते म्हणाले. बादशाहला गिऱ्हाईक बनवून आत पाठवण्यात आलं. अर्ध्या तासानं तो पासपोर्ट साइझचे आठ फोटो घेऊन परत आला.

"काय आढळलं?"

"काय न्हाय. पर फोटो लई ग्वाड आल्यात."

नईमनं फोटो पाहिले आणि त्याचं तोंड आणखी उतरलं. फोटो खरंच चांगले आले होते.

तेव्हा तात्यांनी अठ्ठावीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. गुरुवारी दोनला कॉम्प्युटरच्या डब्याला सायकलची साखळी गुंडाळून कुलूप ठोकलं, कुलपावर लाख ओतली आणि लाखेवर स्वतःचा अंगठा उमटवला. अंगठा चांगलाच भाजला, पण तात्या हूं की चूं करायचे नाहीत. फक्त बादशाहचा खांदा त्यांनी फार जोरात धरला. पहाऱ्यावर नईमची आई मेहबूबबी बसली. नईम जेवायला गेला की दुकान रोज तीच सांभाळायची.

"वहिनी, तुमच्यावानी इस्वासू माणूस न्हाय. आत चिटपाखरूबी जाऊ द्यायचं न्हाय."

"तुमी निर्धास्त ऱ्हावा, भाऊ," मेहबूबबी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

चार वाजता लाख शाबूत, कुलूप शाबूत, साखळी शाबूत. मोकळी जागा मात्र नऊ जीबींनी कमी.

"म्हंजी चोर आतलाच हाय," असं म्हणून तात्या वर घरात गेले आणि सिमरनकडे वळले. "पोरी, लगनाचा व्हिडिओ पुसला म्हणून तू सूड घेतलास. कबूल कर."

सिमरननं हातातली परात खाली ठेवली. "तात्या, मला जागा चोरायचीच असती तर आधी माझ्या कपाटातली घेतली असती. तितं ह्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशव्या हायत. ती जागा कुणी चोरली, ते शोधा की!"

तात्यांनी वहीत 'संशयित तापट' असं लिहिलं आणि चहा न घेताच काढता पाय घेतला. आता नईम हळद पुसणार, हे बादशाहला दिसत होतं. परतीच्या वाटेवर त्यालाही वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी अकराला राजेश्वरी स्वतः आली. ती बारामतीला दुधाच्या डेअरीत तपासणीच्या कामाला होती. नईमनं चाचरत सगळं सांगितलं. तात्यांनी मध्येच बोलून मुंग्यांचा भाग गाळायला लावला.

"नईमभाई, सगळ्यांत जास्त जागा कुठल्या फोल्डरनं खाल्लीय, ते बघितलंत का?"

नईमनं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी बादशाहकडे पाहिलं. बादशाहच्या मागे भिंत होती.

राजेश्वरीनं चारदा माऊस दाबला. एकामागोमाग एक एकेचाळीस फोल्डर उघडी पडली. प्रत्येक नऊ जीबीचं, प्रत्येकावर वेगळी तारीख, वेळ दुपारी अडीच. तिनं एक उघडलं. आत गुलाबाच्या फुलांवर 'शुभ सकाळ' होतं, नातवाचं रांगणं होतं, शेळी व्याल्याचा पाऊण तासाचा व्हिडिओ होता. दुसऱ्या फोल्डरातही तेच गुलाब, तोच नातू आणि तीच शेळी.

"ही तर आपली शेळी!" मेहबूबबी कौतुकानं पुढे झाली. "माझ्या मोबाईलमधली हितं कशी आली?"

"अम्मी," नईम सावकाश म्हणाला, "तू मोबाईल कुठं चार्जिंगला लावतेस?"

"हितंच की, पुढच्या भोकात. लावला की त्यो इचारतो, 'सगळ्याचा बॅकअप घेऊ का?' रोज न चुकता इचारतो बिचारा. मी व्हय म्हणते. कुणी एवढ्या अदबीनं इचारल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

"अवं, पर वहिनी, तुमी पहाऱ्यावर हुता!" तात्या ओरडले.

"हुते की! डोळ्याला डोळा लावला न्हाय. एक माणूस फिरकला न्हाय."

"आन् मोबाईल?"

"त्यो काय माणूस हाय?"

तात्या क्षणभरच गडबडले. मग त्यांनी वही मिटली. "मला ठावं हुतं. म्हणून तर त्यास्नी पहाऱ्यावर बसवलं."

बादशाहनं बाहेरून जाणाऱ्या ट्रककडे फार लक्ष देऊन पाहिलं.

शेवटचं एक फोल्डर ठेवून नईमनं बाकीची चाळीस पुसली आणि संध्याकाळी पाचला फिल्म बाहेर पडली. सहाच्या सुमारास राजेश्वरीचे वडील आबाजी ऋषिराजला घेऊन आले. सगळे दाटीवाटीनं पडद्यासमोर बसले. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. ऋषिराज टक लावून बघत होता.

"हे बघितलेलंच हाय की तू," आबाजी म्हणाले. "म्या व्हिडिओ कॉल लावून तीन तास मोबाईल धरून उभा हुतो तुझ्यासाठी."

"आबा, तुमी मोबाईलचा कॅमेरा वर छताकडं धरला हुता. मला तीन तास नुसता मंडपातला पंखा दिसत हुता."

"आरं, मग बोलला का न्हाईस? म्या दर पाच मिनिटाला इचारत हुतो, दिसतंय का रं म्हणून!"

"तुमी लई खुशीत इचारत हुता. मग म्हटलं, झकास दिसतंय."

आबाजींनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. पडद्यावर पाठवणी सुरू झाली. नवरी गाडीत बसण्याआधी गर्दीत मागे वळून कुणाला तरी शोधत होती. समोर बसलेल्या ऋषिराजनं उगाच हात वर केला. शेजारी राजेश्वरीनं नाकाला पदर लावला.

मागच्या रांगेत तात्यांनी रुमाल काढून चष्म्याखाली बराच वेळ फिरवला.

"बादशाह," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या डोळ्यात कुणीतरी कायतरी टाकलंय. तपास केला पायजे."

"करू की, तात्या," बादशाह म्हणाला. "आधी माझा डोळा पुसू द्या."