ऑपरेशनआधीची सायकल

पद्माकरांनी ठरवलं, हॉस्पिटलात आजाऱ्यासारखंच दिसायचं.

पित्ताशयात खडे झाल्यापासून त्यांचं तूप बंद होतं. गणपती जवळ आले होते. तुपाशिवाय मोदक खाणं त्यांना मान्य नव्हतं. ऑपरेशनची रांग मात्र हलेना.

"आधी सायकलवर बसवून दम तपासणार आहेत," त्यांनी जयंतला सांगितलं. जयंत म्हणजे इथला, विलायतेतल्या स्टॅनमोरमधला जुना मित्र आणि साऱ्या मराठी मंडळाचा फुकट सल्लागार.

"मग जोर लावू नकोस. ज्याची अवस्था वाईट, त्याचा नंबर आधी. जरा धापा टाक."

त्यानं स्वतःची काठी दिली आणि हॉस्पिटलपर्यंत गाडीनं सोडलंही.

तपासणीला वरदा नावाची मुलगी होती. जन्म इथलाच, मराठी घरापुरतं. तिनं छातीला वायरी लावल्या, तोंडावर मास्क चढवला. पद्माकरांनी चार पायडल मारली, डोळे फिरवले आणि मान टाकली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं, सुमनताईंनी, शांतपणे वेलची तोंडात टाकली. संसारात असे प्रसंग त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"काका, एवढाच दम आहे?" वरदा म्हणाली. "मग सर्जन ऑपरेशन नाही करणार. तुमचा हार्ट भूल झेलणार नाही, असं मला लिहायला लागेल."

पद्माकरांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी मास्क खाली ओढला.

"पुन्हा घे."

"पण तुम्ही आत्ताच..."

"ती रंगीत तालीम होती."

आणि ते सुटले. काठी खाली पडली, चष्मा नाकावर घसरला, मशीन टिटवीसारखं ओरडू लागलं. वरदा चढ वाढवत होती, हे हातानं आणखी मागत होते. समोर मोदकांची रास, वर तुपाची धार.

"काका, बास, झाली टेस्ट."

पाय थांबेनात.

"अहो, उतरा आता," सुमनताई म्हणाल्या. "मघापासून आहात तिथंच आहात."

वरदानं आकडे पाहिले. "काका, फर्स्ट क्लास. आता सर्जन नाही म्हणणार नाहीत."

पद्माकर ऐटीत उतरले. म्हणजे कमरेपर्यंत ऐटीत. खाली पाय उरलेच नव्हते. शेवटी व्हीलचेअर मागवली आणि सुमनताईंनी ती ढकलत कार पार्कमध्ये आणली.

जयंत गाडीतून उतरून बघतच राहिला.

"वा, पद्म्या. मी नुसत्या धापा म्हटलं होतं, तू तर खुर्ची मिळवलीस. काय अभिनय."

आपण पहिल्या नंबरानं पास झालो, हे पद्माकरांना त्याला ठणकावून सांगायचं होतं. पण तेवढा दम उरला नव्हता.